सत्तावीस मणी

किन्हीराजाहून निघून दोन कोस झाले होते आणि वहाब चाचा चौथ्यांदा थांबले. बसले मात्र नाहीत. काठी रोवून, तिच्यावर दोन्ही पंजे टेकून, मान खाली घालून नाकानं श्वास ओढत राहिले. दम लागला तरी तोंड उघडायचं नाही, हा तालमीचा नियम अठ्ठावन्नाव्या वर्षीही त्यांनी मोडला नव्हता. कस्तुरा चार पावलं पुढे गेली होती, ती मागे वळून उभी राहिली.

मालेगाव अजून दोन कोस होतं. तिथल्या सरकारी दवाखान्यात नवा डॉक्टर आला होता, तो छातीला नळी लावून नीट ऐकतो असं लोक सांगत. चाचांचे घोटे सुजत, आडवं झालं की दम कोंडे. बायको ताजबी तीन वर्षांमागे वारली, लेक जमीला कारंज्याला नांदत होती. शेजारच्या घरात कस्तुरा होती. अठ्ठावीस वर्षांची, कपाळ पांढरं, गावच्या शाळेत मुलींना शिकवणारी. तीच सोबत निघाली.

मागून रामीबाईची बैलगाडी आली.

"काय व कस्तुरा, बुढ्याले पायी हाकलून राह्यली? रस्त्यातच मारतं काय त्याले?" रामीबाई गाडीतूनच ओरडली. "चाचा, या, बसा. कडब्यावर गादीवानी वाटन."

"नाई व माय," चाचा म्हणाले. "गाडीत बसून गेलो तं डाक्टरले बसलेलं काळीज दिसन. बसलेलं काळीज साऱ्याइचंच चांगलं असते."

"येडं हाये बुढं," रामीबाई नवऱ्याला म्हणाली, चाचांना ऐकू जाईल अशा बेतानं. गाडी गेली, धूळ खाली बसली.

कस्तुराला चाचांचं हे काळजाचं बोलणं नवं नव्हतं. असलं काही ऐकतच ती मोठी झाली होती.

चाचा जातीचे पिंजारी. पहिल्या मोठ्या लढाईत हमालांची भरती झाली तेव्हा ते समुद्रापार इराकात बसऱ्याला गेले आणि तिथल्या लष्करी इस्पितळात पाणी भरायला लागले. तापातून उठलेल्या शिपायाला पुन्हा लढाईवर धाडायचं की नाही, हे तिथला एक गोरा डॉक्टर लाकडी पायरीवर ठरवायचा. शिपायानं वीसदा चढायचं-उतरायचं. मग डॉक्टर त्याचं मनगट धरून घड्याळ बघणार, त्याला बसवणार, आणि थोड्या वेळानं पुन्हा मनगट धरणार. चाचांना इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता, पण वर्षभर पाहून पाहून गोष्ट कळली. धडधड सगळ्यांचीच वाढते. ती खाली किती लवकर येते, त्यात काळीज ओळखू येतं.

गावी परत आल्यावर ते तालमीचे उस्ताद झाले. तोवर तालमीत एकच रीत होती, बैठका वाढवत न्यायच्या, वर दूध पाजायचं, आणि पोरगं आडवं पडलं तर ते कच्चं म्हणून घरी धाडायचं. चाचांनी नाडी मोजायला सुरुवात केली. शंभर बैठका मारल्या की दम खायचा, मग मनगट पुढे करायचं. ज्याची नाडी लवकर उतरली त्याच्या बैठका वाढत, रेंगाळली तर कमी होत. काही महिन्यांत पोरांच्या नाड्या संथ होत गेल्या. बाजाराला आलेल्या एका वैदूनं त्यातल्या एकाचं मनगट धरलं आणि हा काही वर्ष काढत नाही, फार हळू चालते, असं सांगितलं. चाचा पोट धरून हसले. "हळू चालते म्हनूनच लांब जाईन," म्हणाले.

सुरुवातीला अडचण घड्याळाची होती. गावात घड्याळ एकच, पाटलाचं, आणि तेही मनात येईल तेव्हाच चालायचं. तालमीसमोर कस्तुराच्या बापाचं, जगदेवचं घर. दहा वर्षांची कस्तुरा संध्याकाळी ओट्यावर आजीशेजारी तुळशीची माळ घेऊन रामनाम घ्यायची. आजीला डुलकी लागायची, पण पोरीचं नाव पुढेमागे होत नसे. चाचांनी दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी ओट्यापाशी येऊन म्हणाले, "जगदेवभाऊ, तुही पोरगी मले घड्याळ म्हनून दे."

"आता रामाच्या नावानं नाडी मोजतं काय गा?" जगदेव हसला.

"ज्याचं नाव सरळ चालते त्याच्या नावानं मोजतो."

तेव्हापासून रोज संध्याकाळी पोरं ओट्याखाली रांगेनं बसत. एक अख्खी माळ होईतो दम खायचा. मग चाचा मनगट धरत, कस्तुरा मोठ्यानं नाव घेत सत्तावीस मणी ओढी, आणि तेवढ्यात पडलेले ठोके चाचा मोजत. चाळीसच्या आत आले तर पोरगं पुढं जायचं. तिला त्याचा अभिमान होता. देवाचं नाव असं कोणाच्या उपयोगी पडतं, हे तिला फार बरं वाटे.

तिचा भाऊ उकंडा त्याच रांगेत असे. आधीची तीन मुलं गेली म्हणून जन्मताच त्याला उकिरड्यावर लोळवून ते नाव ठेवलं होतं, देवानं नजर टाकू नये म्हणून. एकोणिसाव्या वर्षी तो तालमीत पहिला होता. त्या साली दिवाळीनंतर त्याला ताप आला, गुडघे सुजले, महिनाभर अंथरुणावर होता. उठला तेव्हा सत्तावीस मण्यांत नाडी बावन्न आली.

"ह्या वर्सी जत्रेत उतरायचं नाई," चाचा म्हणाले. "बैठका पंचवीस. पुढच्या वर्सी पाहू."

उकंडानं जेवण टाकलं. माघातली जत्रा उद्यावर आली तेव्हा त्यानं चाचांचे पाय धरले. चाचा चिडले. "मांड मनगट. चाळीसच्या आत आली तं कुस्ती खेळ, नाई तं ढोल वाजव."

त्यानं बैठका मारल्या, दम खाल्ला. एक माळ झाली. कस्तुरानं पुढचा मणी धरला. उकंडा नाडीकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. दोन दिवसांचा उपाशी. देवा, येऊ दे रे आत, असं तिच्या मनात चाललं होतं, आणि त्या मागण्यानं नाव पळायला लागलं. दहाव्या मण्याला तिला ते कळलं. तिला हळू होता आलं असतं. ती झाली नाही. सत्तावीस मणी लवकर सरले, त्यात ठोके कमी मावले.

चाचांनी एकदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "एकोणचाळीस."

दुसऱ्या दिवशी उकंडानं दुसऱ्या कुस्तीत गडी खाली घेतला. लोकांनी फेटे उडवले. उकंडा त्याच्या पाठीवर डोकं टेकून तसाच राहिला. दम खातो आहे असंच सगळ्यांना वाटलं. शेवटी खालचा गडी ओरडला, "अरे, काढा ह्याले! हा हालून नाई राह्यला!"

उस्तादानं पोराला बैलासारखं राबवून मारलं, असं गाव म्हणालं. जगदेवनं तालमीला कुलूप घातलं आणि चाचांची कापूस पिंजायची धनुकली त्यांच्याच दारात दगडानं फोडली. चाचा उंबऱ्यात उभे होते. पुढे नवी धनुकली आणून चौदा वर्षं लोकांच्या गाद्या भरत राहिले, पण कोणाचं मनगट धरलं नाही. कस्तुरा सासरी गेली, विधवा होऊन परत आली. बापही गेला. ती देवाचं नाव मनात घेई, पण माळ देवळीतच पडून राहिली.

आणि आज निघताना चाचा म्हणाले होते, "माळ घे संगं." वाटेत म्हाताऱ्याच्या जिवाला आधार म्हणून असेल, असं समजून तिनं ती पदराच्या गाठीत बांधली होती.

नाल्याच्या चढावरून वर आल्यावर मात्र चाचा निंबाखालच्या दगडावर धपकन बसले. ओठ निळसर दिसत होते. मानेवरची शीर नुसती उडत होती.

"पाणी देऊ?"

"राहू दे." मग ते म्हणाले, "पोरी, त्या दिवशी तू पळवलं."

कस्तुराच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "तुमाले माहीत होतं?"

"चार वर्सं तुह्यं नाव ऐकत होतो मी. माह्या बोटाखाली नाडी अन् कानात तुह्यं नाव. काय पळून राह्यलं ते मले नाई समजन तं कोनाले?"

"मंग बोलले काहून नाई?" तिनं विचारलं. "मी रोज मरते चाचा. रोज. एक शब्द बोलले असते तं माहा भाऊ..."

"मलेबी तो आखाड्यात पाह्यजे होता." चाचा जमिनीकडे बघत होते. "दोन सालं आपल्या तालमीले जत्रेतलं इनामाचं कडं भेटलं नव्हतं. मनात म्हनलं, पोरगी पळवते तं पळवू दे, आपून तं मोजलंच ना. तू चौदा वर्साची होती. मी उस्ताद होतो. गावानं मले बोल लावला तो बराबरच होता, गावाले कारन मालूम नव्हतं एवढंच."

कस्तुरा त्यांच्यासमोर मातीत बसली. रडू येत नव्हतं. तांब्या तिनं तेवढा जपून खाली ठेवला.

"हे तुमी चौदा वर्सं मले सांगतलं नाई," ती म्हणाली.

"नाई सांगतलं. जीभ उचलली नाई." त्यांनी उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर ठेवली. जागा चुकली नाही. "डाक्टर सांगन ते सांगन. धनुकली सोड म्हनन, नाई तं त्याहून वंगाळ काई. पर माहा आकडा मले आधी पाह्यजे, अन् तुह्याकडूनच पाह्यजे. काढ माळ."

तिनं गाठ सोडली. मणी कोरडे, हलके झाले होते.

"एक माळ मी दम खातो. मंग सत्तावीस मणी, मोठ्यानं," चाचा म्हणाले. "अन् पोरी, मी केवढाबी कासावीस दिसलो, तरी पळवू नको."