आत्याच्या हातावरची उभी रेघ

ख्रिस्ती माणसाने अंगावर क्रूस गोंदवून घ्यावा की घेऊ नये, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. मंडळीतल्या एक-दोघींनी मला तसं विचारलं आहे, कारण माझ्या आत्याची हकिगत त्यांनी कुठेतरी अर्धवट ऐकलेली असते. मी बोलायला लागते आणि मध्येच गप्प होते. बोलण्यापेक्षा लिहिणं मला सोपं जातं, म्हणून जे घडलं ते आठवतं तसं लिहून ठेवते आहे.

आई-वडील मी लहान असतानाच गेले. वडिलांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आत्याने, मला वाढवलं. आमचं मूळ घर मानोऱ्याकडचं. आत्या तरुणपणीच विधवा झाली, आजारी पडून वाशीमला मिशनच्या दवाखान्यात आली आणि तिथेच तिने बाप्तिस्मा घेतला. तिच्यामागोमाग माझे वडीलही आले. पुढे कितीतरी वर्षं आत्या खेडोपाडी जाऊन बायकांना येशूच्या गोष्टी सांगत असे. वाटेत जी बैलगाडी दिसेल तिला हात करायची आणि गाडीवान ओळखीचा असो वा नसो, मागे चढून बसायची. तिच्या हातांवर लहानपणी गोंदलेली चित्रं होती. एका हातावर तुळशीवृंदावन, दुसऱ्यावर विंचू आणि मारुती, हनुवटीवर हिरवा टिपका. डाव्या मनगटाची आतली बाजू तेवढी कोरी होती.

मला तिने नागपूरला इंग्रजी शाळेच्या बोर्डिंगात ठेवलं. तिथे गोंदण म्हणजे अडाणीपणा असं आम्ही कुणी न शिकवताच शिकलो. ज्या मुलींच्या हातांवर गोंदण होतं त्या उन्हाळ्यातही बाह्या मनगटापर्यंत ओढून बसत. आत्या भेटायला आली की मी तिच्या डोळ्यांकडे कमी आणि हातांकडे जास्त पाहायची, आणि आपण पाहतो आहोत हे कुणाला दिसू नये म्हणून लगेच दुसरीकडे बघायची. मॅट्रिक होऊन मी वाशीमला परत आले आणि मिशनच्या शाळेत लहान मुलांना शिकवू लागले. दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या थोडं आधीची ही गोष्ट.

त्या सुमारास आत्या विसरू लागली होती. आधी चुलीवरचं दूध, मग शेजारणींची नावं. जात्यावर बसली की लहानपणच्या ओव्या गायची, ज्यात देवीचं नाव होतं, आणि मध्येच थांबून घाबरल्यासारखी माझ्याकडे बघायची. एकदा संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "पोरी, मी इसरून राह्यली."

"सगळेच विसरतात, आत्या."

"तसं नाई. काल प्रार्थनेले बसली तं त्याचं नावच आठवेना. इतके वर्स ज्याचं नाव गावोगाव सांगतलं त्याचंच." मग तिने डावा हात माझ्यापुढे केला. "अथी क्रूस गोंदून घेतो म्हनतो. मी इसरली तरी हात इसरत नाई. कोनीतरी वाचून सांगन, बाई तू कोनाची."

मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं. ते नगरकडचे, शांत आणि नेमकं बोलणारे. ते रागावले नाहीत, पण स्वतः घरी आले आणि आत्याला म्हणाले, "बाई, आपण या लोकांना ताईत-गंडे सोडायला सांगतो. आज हातावर क्रूस आला तर उद्या बायका म्हणतील, याने भूत लागत नाही. शास्त्रातही अंगावर खुणा करू नका म्हटलं आहे."

"शास्त्रातच लिवलं हाय ना जी, देवानं आपल्याले त्याच्या तयहातावर कोरलं म्हनून? तुमीच वाचून दाखोलं व्हतं. त्याले चालते अन् मले चालत नाई?"

"ते वेगळं, बाई. त्याने आपल्यासाठी जखमा सोसल्या. आपण पुन्हा टोचून घ्यायची गरज नाही."

"आता पाहा," आत्याने दोन्ही हात पुढे केले, "तुयस हाय. इचू हाय. मारुती हाय. सगळ्यायले जागा देली. मंग येशूनंच काय पाप केलं?"

पाळकसाहेब किंचित हसले. पण जाताना फाटकाशी मला म्हणाले, "त्यांनी ऐकलं नाही तर प्रभुभोजनाची भाकर मला त्यांना देता येणार नाही. मंडळीत बाकीच्याही बायका आहेत. तुम्ही शिकलेल्या आहात, समजावून सांगा."

मला दोघांचंही पटत होतं, आणि हीच माझी अडचण होती. रात्री मी इंग्रजीत प्रार्थना करायची, शाळेत शिकवली होती तशी, नीट सुरुवात आणि नीट शेवट असलेली. मधल्या भागात काय मागायचं ते कळत नसे. आत्याच्या मनासारखं होऊ दे म्हणू की पाळकसाहेबांच्या?

कापूस वेचून झाल्यावर गोंदणारणी दारोदार फिरू लागल्या. एक दिवस शाळेतून आले तर ओसरीवर आत्या मांडी घालून बसलेली आणि समोर रखमा नावाची गोंदणारीण. तिच्यापुढे वाटीत काळंहिरवं मिश्रण, हातात दोऱ्याने बांधलेल्या सुया. ती काहीतरी गुणगुणत होती. आत्याचे डोळे मिटलेले होते, ओठ घट्ट. मनगटावर एक उभी रेघ उमटली होती, कडेने रक्ताचे बारीक थेंब आलेले. रखमाने आडव्या रेघेसाठी सुया उचलल्या आणि माझ्या तोंडून मला माहीत नसलेल्या आवाजात शब्द आला, "थांबा!" मी आत्याचा हात धरून आपल्याकडे ओढून घेतला.

रखमा माझ्याकडे बघतच राहिली. "बाई, गोंदन अर्ध्यात सोडत नसतेत. आजवर एकबी सोडलं नाई म्या."

"नको. पुरे."

"इंग्रजी शायेतली हाय ना. सुई पाहून चक्कर येऊन राह्यली वाट्टे तिले," ती आत्याला म्हणाली. आत्या हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "राहू दे रखमा. पोरगी घाबरली."

रखमाने रेघेवर हळद-तेल लावलं, सुया फडक्यात गुंडाळल्या आणि मान हलवत निघून गेली.

मी का थांबवलं हे तेव्हाही सांगता आलं नसतं. प्रभुभोजनाचं भय होतं, शाळेतल्या त्या ओढलेल्या बाह्या होत्या, आणि आत्याला दुखतं आहे हेही होतं. पण थांबवूनही काही साधलं नाही. रेघेची गोष्ट मंडळीत पसरली. त्या महिन्याच्या प्रभुभोजनाला आत्याने भाकरीसाठी हात पुढे केला तेव्हा पाळकसाहेब क्षणभर उभे राहिले आणि पुढे सरकले. आत्याचा हात तसाच पसरलेला राहिला. काय झालं हे तिला समजलं नव्हतं. मी तो हात धरून तिच्या मांडीवर ठेवला. घरी येताना तिने विचारलं, "मले काहून नाई देलं वं? मी कोन्या दुसऱ्याची झाली काय?"

त्यानंतर ती झपाट्याने विझत गेली. आणि एका बाजाराच्या दिवशी ती नाहीशी झाली. मी शाळेत होते. शेजारणीने तिला फाटकापाशी उभी पाहिली होती, मग कुणी पाहिली नाही. आम्ही बाजार शोधला, विहिरी शोधल्या, स्टेशनवर गेलो. पाळकसाहेब सायकल घेऊन केनवडच्या रस्त्याला गेले, कारण आत्या पूर्वी तिकडे फार जायची. अंधार पडल्यावर धुळीने भरून परत आले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

त्या दिवसांत मला प्रार्थना करता आली नाही. इंग्रजी शब्द आठवत होते, पण ते कुणा दुसऱ्याच मुलीचे वाटत होते. शेवटी मी आत्याच्या रिकाम्या अंथरुणावर बसून एवढंच म्हणाले, "ती तुमची आहे. मला सापडत नाही." पुढचं वाक्य काही आलं नाही. तेवढीच प्रार्थना झाली.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी, उन्हं कलताना, फाटकाशी बैलगाडी थांबली. आधी रखमा उतरली, मग तिने हात देऊन आत्याला उतरवलं. आत्याच्या हातात नव्या हिरव्या बांगड्या होत्या आणि ती कुणाच्या लग्नाहून आल्यासारखी दिसत होती.

रखमाने ओसरीवर बसून, पाणी पिऊन मग सांगितलं. जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस उतरवून परत जाणाऱ्या एका रिकाम्या गाडीला आत्याने सवयीप्रमाणे हात केला होता. गाडी किन्हीराजा गावची. तिथे उतरल्यावर कुठे जायचं ते तिला सांगता येईना. बाजारातल्या एका म्हाताऱ्या बांगडीवाल्याने, चाचा म्हणत सगळे त्याला, तिला आपल्या घरात ठेवून घेतलं. त्याच्या बायकोने जेवू घातलं, बांगड्या भरल्या.

"चाचा इचारे, अम्मा, किसके घर की हो? तं हे आपलं लहानपनचं नाव सांगे. बापाचं गाव सांगे, मानोऱ्याकडचं. म्हने बाबा वाट पाहून राह्यला. हातावर तुयस, मारुती. मंग सगळ्यायनं ठरोलं, मानोऱ्याकडं जानाऱ्या गाडीत बसवून देऊ. गाडी जुपली व्हती बाई. मी बाजारात बसेल व्हती. हे गाडीवर चढाले गेली अन् मनगट दिसलं." रखमाने आत्याचा हात उचलून मला दाखवला, जणू मी तो कधी पाहिलाच नव्हता. "अर्धं काम माह्या हातून एकच सुटेल हाय. म्या वरडली, थांबवा गाडी, हे वाशीमच्या मिशनातली बाई हाय, हिची पोरगी सुईले भेते!"

तिथे उभे असलेले सगळे हसले. मलाही हसू आलं आणि मी ते मनगट रखमाच्या हातातून माझ्या हातात घेतलं. मानोऱ्याकडे आमचं कुणीच उरलेलं नव्हतं.

मी हे पुष्कळदा मनात उलटसुलट करून पाहिलं आहे. क्रूस पुरा झाला असता तर चाचानेही मिशनची बाई म्हणून ओळखलं असतं, कदाचित. रेघ काढलीच नसती तर ती हरवलीच असती. मी थांबवलं ते बरोबर होतं असं यातून ठरत नाही, आणि चूक होतं असंही ठरत नाही. रखमा त्या दिवशी त्याच बाजारात का होती, याला तर काहीच कारण नाही. बाजार होता म्हणून होती, एवढंच ती म्हणेल.

निघण्याआधी रखमा म्हणाली, "आता आडवी रेघ ओढून देऊ काय? सुया सोबत हायेत. अर्धं रायलं तं माह्या जिवाले बरं वाटत नाई."

पाळकसाहेब पायरीशी उभे होते. ते माझ्याकडे पाहत होते. मी आत्याजवळ बसले. ती त्या रेघेवरून बोट फिरवत होती.

"हे काय हाय वं?"

"क्रूस आहे, आत्या. अर्धा."

"अर्धा काहून?"

"मी थांबवला."

"काहून?"

"मला कळत नव्हतं, घ्यावा की नाही."

"आता कयते?"

"नाही."

आत्या हसली, गावोगाव हिंडायची तेव्हा हसायची तशी. तिने हात मागे घेऊन पदराखाली ठेवला. "मंग राहू दे," ती म्हणाली. "त्याले कयते."

पुढच्या प्रभुभोजनाला मी तिला मुद्दाम मागच्या बाकावर घेऊन बसले होते, तिचा हात पुन्हा रिकामा राहिला तर सगळ्यांना दिसू नये म्हणून. पाळकसाहेब रांगेने देत देत आमच्यापर्यंत आले. आत्याने हात पुढे केला. तो आता फार थरथरत असे. भाकर पडू नये म्हणून त्यांनी खालून तिचं मनगट धरलं आणि तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. त्यांचा अंगठा त्या उभ्या रेघेवर आडवा पडला होता. तो क्रूस त्यांनी पाहिला की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि त्यांनीही त्या गोष्टीचा पुन्हा कधी विषय काढला नाही. पण तिने भाकर तोंडात घालेपर्यंत ते तिथेच थांबले होते.

आत्या त्यानंतर फार दिवस राहिली नाही. शेवटी तिला माझंही नाव आठवत नव्हतं, आणि तरी ती घाबरलेली नव्हती. तिला मातीत ठेवताना रखमा कुठूनशी येऊन दफनभूमीच्या भिंतीपाशी उभी होती.

माझे हात कोरेच आहेत. पण शाळेतल्या एखाद्या मुलीने गोंदलेला हात बाहीत लपवला तर आता मी नजर वळवत नाही, जवळ बसते. प्रार्थनाही आता मी आत्याच्या भाषेत करते. बहुतेक वेळा ती मध्येच संपते, पुढचे शब्द येत नाहीत. पूर्वी मला त्याची लाज वाटायची. आता मी जिथे थांबते तिथेच हात जोडून बसून राहते, आभार मानते आणि उरलेलं त्याच्यावर सोडते.