गुरुवारची रक्ती

"डबा झाक आणि नळावर जाऊन खा."

मी पाचवीत होते. राहात्याच्या शाळेत बाईंनी नाकाला पदर लावून हे सांगितलं. डब्यात आईनं केलेली रक्ती होती. बकऱ्याचं रक्त गोठवून, वड्या पाडून, कांदा-मिरचीत परतलेलं. नळाजवळ उभ्यानं खाल्लं. वर्ग खिडकीतून बघत होता. आम्ही बौद्ध. पण गावाच्या तोंडात आमचं जुनंच नाव होतं, ते त्या खिडकीतून ऐकू आलं. पुन्हा मी शाळेत रक्ती नेली नाही. आईला सांगितलं, आवडत नाही. खोटं सांगितलं.

आज मी संगमनेरच्या एका कॉलेजात गृहविज्ञान विभागात परिचर आहे. शेगडी पेटवायची, भाज्या चिरायच्या, भांडी घासायची. दर गुरुवारी तिथं स्वयंपाकाचं प्रात्यक्षिक असतं.

आमच्या विभागप्रमुख मॅडम मागच्या वर्षी लेकाकडे स्पेनला जाऊन आल्या. आल्यावर पहिल्याच प्रात्यक्षिकाला त्यांनी एक हवाबंद पाकीट उघडलं. आत काळं, जाड सॉसेज. "चकत्या कर आणि तव्यावर परत," मला म्हणाल्या. चकत्या तेलात पडल्या आणि माझा हात थांबला. तो वास मला पाठ होता. रक्त आणि कांदा. स्पेनवाल्यांनी त्यात भात घातला होता, एवढाच फरक.

मॅडम मुलींना सांगत होत्या. फ्रान्समध्ये गोगलगायी खातात, जपानमध्ये कच्चा मासा, इंग्लंडमध्ये न्याहारीला रक्ताचं सॉसेज. "दुसऱ्याच्या जेवणाला नाक मुरडणारा समाज मागे राहतो." मग काचेच्या बशीतून दोन चकत्या खाल्ल्या. डोळे मिटून. टाळ्या पडल्या.

मला राहवलं नाही. "मॅडम, ही तर रक्ती. आम्ही घरी करतो."

मुली माझ्याकडे वळल्या. मग मॅडम हसल्या. "अगं वा! मग आपल्या खाद्यमहोत्सवात आण ना."

अकरा वर्षांत त्यांनी मला कधी 'अगं वा' म्हटलं नव्हतं. कुठंतरी पाणी मुरत होतं. तरी मी हो म्हटलं. आईसाठी म्हटलं.

आई सत्तरीची. "कालिजात? आपली रक्ती?" तिनं तीनदा विचारलं. "आन् तुला तर आवडत न्हाई." तेव्हा पहिल्यांदा मी तिला नळाची गोष्ट सांगितली. तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "मीच करते. लोकं खातील असं करते."

महोत्सवाच्या आदल्या दिवशी मॅडमनी हळूच सांगितलं, "भांडी मात्र घरूनच आण हं. विभागाच्या भांड्यांना वास राहतो."

स्पेनचा राहिला नव्हता. तवा मीच घासला होता. मला राग आला, पण आईनं तोवर मसाला वाटायला घेतला होता.

माझं टेबल कुठं लावलं होतं? नळाजवळ. वर पाटी, 'स्पॅनिश सॉसेजचा ग्रामीण अवतार'. खाली मॅडमचं नाव. पाहुणे यायचे, पाटी वाचायचे, डब्यात डोकावायचे, पुढे सरकायचे. चमच्याला कुणी हात लावेना. मॅडम प्रमुख पाहुण्यांना घेऊन आल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "तू जरा खाऊन दाखव ना."

खाऊन दाखव. पुन्हा नळ, पुन्हा बघणारे. माझे कान तापले. मी घरच्या स्टीलच्या ताटलीत रक्ती वाढली आणि मॅडमच्या पुढे धरली.

"मी नाही दाखवणार. तुम्ही खा."

"अगं, आज माझा गुरुवार असतो."

पाहुण्यांनी मान हलवली. आमच्या भागात गुरुवार म्हटलं की पुढं कुणी बोलत नाही. मी बोलले.

"पाकीट उघडलंत तोही गुरुवारच होता, मॅडम. प्रात्यक्षिक गुरुवारीच असतं."

मागे मुली उभ्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "हो, गुरुवारच होता." मॅडमचा चेहरा पडला. मी पाटी काढून टेबलावर पालथी ठेवली. डबा झाकला. ह्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

घरी आई दारातच बसली होती. "कुनी खाल्ली का गं?"

खोटं पुन्हा सांगायचं नव्हतं. "नाही, आई. त्यांना खायचीच नव्हती. मला खाताना बघायचं होतं."

आईनं डबा उघडला, बोटानं चव घेतली. "मीठ तर बरुबर हाय," एवढंच म्हणाली. तिच्या त्या वाक्यानं मी रडले. आणि ठरवलं.

आता दर बुधवारी मी खाटकाकडून रक्त आणते. गुरुवारी मधल्या सुट्टीत रक्ती विभागाच्या तव्यावर गरम करते, विभागाच्या काचेच्या बशीत वाढून घेते आणि खुर्चीवर बसून खाते. मॅडम आपल्या केबिनचं दार लावून घेतात. मेमो येणार, असं ऑफिसातला क्लार्क कानात सांगून गेला. येऊ दे. उत्तर मी लिहून ठेवलंय: तवा तोच आहे आणि वारही तोच.