तिसरीतली कुजबुजणारी मुलगी

मंडळी, मी मोशीतल्या एका शाळेत समुपदेशक आहे. आज बाईंनी तिसरीतली एक मुलगी माझ्याकडे पाठवली. "वर्गात तोंडच उघडत नाही," ही तक्रार. मीही फाइलीत 'आत्मविश्वास कमी' असं लिहून टाकलं.

मग तिला विचारलं, "घरी बोलतेस का गं?"

ती कुजबुजली, "हळू बोलते. पप्पांची चाकणला नाइट शिफ्ट असते, ते दिवसा झोपतात. आमची एकच खोली हाय."

लाज वाटली. ती ओळ मी खोडली. म्हटलं, "इथं मोठ्यानं बोल, चालतं."

तिनं दाराकडे पाहिलं. "इथं कुणी झोपलेलं नाही ना?"

गप्प मुलांना आपण भित्री म्हणून मोकळे होतो. त्यांच्या घरी कोण झोपलंय, हे कधी विचारतो का?