आधी रक्त, मग गोळी

उणे अठरा. रात्रभर विजेच्या तारेला जोडून उबेत ठेवलं होतं म्हणून बसचं इंजिन निदान गुरगुरलं तरी. आयली राप्पानानं तार उपसून गुंडाळली, काचेवरचा बर्फ खरवडला आणि पाचाच्या ठोक्याला कॉफीच्या घोटाबरोबर गोळी गिळली. आमच्या लोखंडखाणीच्या गावात घड्याळं आयलीच्या शाळेच्या बसवर लावतात. दुसरी बस मी चालवतो. मला रोज टोमणा मिळतो.

फेब्रुवारीत तिला धाकट्या भावाचं, वेइकोचं, मूत्रपिंड बसवलं. तेव्हापासून एकही गोळी चुकली नव्हती. आणि त्या सकाळी पोरं शाळेत उतरवली, तोच दवाखान्यातल्या नर्सचा, ग्वेनचा फोन आला.

"आयलीबाई, कालच्या रक्तात मूत्रपिंडानं न गाळलेल्या घाणीचा आकडा दुप्पट झालाय. आजच या, राहायच्या तयारीनं."

मूत्रपिंडातून सुईनं कण काढून बघितला. पांढऱ्या पेशी आत घुसल्या होत्या.

"तुमची पेशी म्हणजे खुणा गोंदलेली," ग्वेन पलंगाशी बसून म्हणाली. "निम्म्या खुणा आईच्या, निम्म्या बापाच्या. वेइकोच्या अर्ध्याच तुमच्याशी जुळतात. पांढऱ्या पेशी राखणीची कुत्री. गोळी त्यांना पेंगवते. गोळी कमी पडली, की उठतात आणि परक्या वासावर धावतात."

"सख्खा भाऊ परका कसा?"

"कुत्र्याला नातं कुठं कळतं, बाई? पण गोळी कमी पडली कशी? ऑक्टोबरात तुमच्या रक्तात औषध जास्त निघालं, म्हणून डॉक्टरांनी मात्रा उतरवली. त्या दिवशी रक्त द्यायच्या आधी गोळी घेतली होती का?"

"घेतली की! पाचला. मी चुकवत नाही."

ग्वेन कपाळाला हात लावून बसली. "तपासणीच्या दिवशी आधी रक्त, मग गोळी. औषध सगळ्यात कमी उरतं, तेव्हा मोजायचं असतं. तुम्ही भरल्या घागरीचं माप दिलंत."

उन्हाळ्यात ती गोळी न घेताच तपासणीला जायची. शाळा उघडली, पाचची फेरी सुरू झाली आणि हाताला लागलेली सवय तोंडापर्यंत गेली.

तीन दिवस शिरेतून जालीम औषध. "बहुतेकांचं ताळ्यावर येतं," ग्वेन म्हणाली, "बघू." आयलीला सुईची भीती नव्हती, भावाच्या तोंडाची होती. त्या ऑपरेशनपायी वेइकोनं चाळीस वर्षांत पहिल्यांदा गोठलेल्या तळ्यावरची मासेमारी चुकवली होती.

तिसऱ्या दिवशी तो वेलदोड्याचा पाव काखेत मारून आला.

"काय गं अक्का, माझं मूत्रपिंड काय म्हणतंय?"

"वेइको, मीच घाण केली रे." तिनं सगळं सांगून टाकलं.

वेइकोनं पावाचा तुकडा मोडून तोंडात टाकला. "म्हणजे, गोळी वेळेवर घेतलीस म्हणून?"

"हं."

"वक्तशीरपणानं आजारी पडलेली आख्ख्या जिल्ह्यात तू एकटीच!"

"हसू नको. गेलं असतं तुझं."

"माझं कुठलं? दिलं ते दिलं. मासा दिल्यावर कालवण कसं केलंस म्हणून कुणी झडती घेतं का?"

"मी घेते."

"म्हणून तर तुला मासे देत नाही मी." त्यानं पावाचा मोठा तुकडा तिच्या हातात कोंबला. "खा. मूत्रपिंडाला पण भूक लागली असेल."

दुसऱ्या दिवशी आकडा खाली आला. पहिल्याइतका नाही, पण मूत्रपिंड टिकायला पुरेसा. मात्रा पुन्हा चढवली.

आता तपासणीच्या दिवशी तिची फेरी मी मारतो. काल ती रक्त देऊन दवाखान्यातच गोळी गिळून थेट बसच्या आवारात आली.

"चार मिनिटं उशीर," मला म्हणाली.

"रस्ता निसरडा होता, आयलीबाई."

"माझ्या वेळी रस्ता निसरडा नसतो?"

मग तिनं माझ्या हातातला झाडू घेतला, आणि पोरांच्या बुटांनी आणलेला चिखल-बर्फ मागच्या बाकापासून झाडायला लागली.