तांबोशीचा वाटा

ज्या माणसाच्या हाताखाली मी बारा वर्षं बैलांचा धंदा शिकलो, त्याने मला एका माशावरून दूर केलं. चूक माझीच होती, असं मुरगुडात अजून बोललं जातं. बोलणाऱ्यांचं काय जातं? मासा माझ्या गळाला लागला होता, त्यांच्या नाही.

त्यांना मी चाचा म्हणत असे. ते मुरगूडचे मुसलमान आणि घरात तीन पिढ्यांचा बैलांचा व्यापार. आमच्याकडे अशा माणसाला हेडी म्हणतात. मी कसबा बावड्याचा. प्लेगने घर रिकामं केलं तेव्हा दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर चिपाडं वाहत होतो. एकदा मुरगूडच्या बाजारात एक व्यापारी एका परक्या शेतकऱ्याला म्हातारा बैल तरणा म्हणून विकत होता. माझा काही संबंध नसताना मी मध्ये पडलो आणि भांडलो. भांडण मिटल्यावर चाचांनी मला बोलावलं. म्हणाले, "तोंड हाय तुझ्याकडं. हात मी शिकवतो."

हात म्हणजे उपरण्याखालचा हात. आमच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि खाली एकमेकांची बोटं धरून आकडा सांगायचा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कोणाला पत्ता लागत नाही. पुढे चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मग बैल मी बघू लागलो. ते उजव्या हाताने सौदा करत आणि मी त्यांचं डावं मनगट धरून शेजारी बसे. बैल चांगला असला की मी अंगठा दाबायचा. 'हा घ्या, सोडू नका,' असा त्याचा अर्थ. ही खूण आम्हा दोघांशिवाय कोणाला ठाऊक नव्हती.

मग त्यांना दिसायचं अगदीच बंद झालं. बाजारात चिंचेखाली त्यांची जागा होती. ती ज्याला मिळेल त्याला चार तालुक्यांची गिऱ्हाइकं मिळणार होती आणि चाचांचा शब्दही मिळणार होता. त्यांना मुलगा नव्हता. जावई होता, पण त्याला बैलाचे दात बघायला सांगितले तर आधी शिंगं धरायचा. एक दिवस मी सरळ विचारलं, "चाचा, जागा कुणाला देणार?"

"सांगतो की. आधी मला समुद्रावर घेऊन चल."

तरुणपणी ते गुळाच्या गाड्यांबरोबर घाट उतरून मालवणला जात. तिथे पावसाळा सरून समुद्र निवळला की काही तांडेल, म्हणजे होडी चालवणारे, माणशी भाडं घेऊन होडीत दहाबाराजणांना बसवत आणि खडकांपाशी गळ टाकायला नेत. चाचांनी एकदा तसा मासा धरला होता आणि ते त्यांनी मला शंभर वेळा सांगितलं होतं. मी म्हटलं, "आता तुम्हाला दिसत न्हाय, काय करणार तिथं जाऊन?"

"दोरीला डोळं लागत न्हाईत, लेका."

नवरात्र उलटल्यावर आम्ही गाडी जुंपली. राधानगरीजवळ महाराजांच्या धरणाचं काम चाललं होतं, दगडांच्या गाड्या जात-येत होत्या. चाचा नुसत्या चाकांच्या आवाजावरून सांगत होते, कुठली जोडी थकली आहे आणि कुठली नवी आहे. दाजीपूरचं रान ओलांडून फोंड्याचा घाट उतरलो. सहाव्या दिवशी मालवणला पोचलो, तेव्हा ते गाडीतच उठून बसले. नाक वर करून म्हणाले, "आलं." मला नुसता घाण वास येत होता.

तांडेलाने माणशी तीन आणे सांगितले. मी म्हटलं, दोघांचे मिळून चार घे, त्यातला एक डोळ्यांनी अधू आहे.

तांडेल म्हणाला, "मासो काय डोळे बघून गळाक लागता?"

चाचा मोठ्याने हसले. पाच आण्यांवर जमलं. एक आणा कमी केला म्हणून मी खूश होतो.

सकाळी उन्हं वर यायच्या आत आम्ही निघालो. होडीत तांडेल आणि त्याचे दोन वल्हेकरी, बाकी आम्ही अकराजण. एक सोनार होता, एक शाळामास्तर, आणि वेंगुर्ल्याचा एक शिंपी होता. होडी बंदराबाहेर पडताच तो शिंपी काठावर वाकला तो तसाच राहिला. बिचाऱ्याने दोरी हातातसुद्धा धरली नाही. खडकांपाशी तांडेलाने नांगर टाकला आणि प्रत्येकाच्या हातात गळाची दोरी दिली. चाचांनी दोरी तर्जनीवर घेतली आणि मान एका बाजूला कलवून बसले. बाजारात गिऱ्हाइकाचा हात हाती आला की ते असेच बसत. त्यांना सगळ्यांच्या आधी बांगडा लागला, मग आणखी दोन. प्रत्येक मासा वर आला की ते त्याच्यावरून हात फिरवत आणि मला म्हणत, "बघ, कसा हाय?" मी सांगे, चांगला आहे. त्या तीन तासांत त्यांना जितकं आनंदात पाहिलं तितकं पुन्हा कधी पाहिलं नाही.

माझ्या दोरीला काही लागत नव्हतं. आणि मग असा हिसका बसला की दोरीने तळहात कापला. मी कोणाला हात लावू दिला नाही. वर आली ती तांबोशी, हातभर लांब, जास्वंदीसारखी लाल. सगळी होडी बघत राहिली. मी चाचांचा हात धरून तिच्यावर ठेवला. ते म्हणाले, "जनावर हाय की हे."

तिकडची रीत मला माहीत नव्हती. माहीत असती तर भाडं ठरवतानाच मी ते बोलून घेतलं असतं. परतताना तांडेलाने सगळे मासे एकत्र केले आणि होडीच्या मध्यभागी वाटे घातले. कोणी किती धरले हे विचारायचं नाही. माणशी एक वाटा आणि होडीचा एक. एकट्या तांबोशीचा एक वाटा, बाकीच्यांत दहा-दहा बांगडे. मग एकाने पाठ फिरवून बसायचं. तांडेल एकेका वाट्यावर हात ठेवून विचारणार आणि पाठमोऱ्या माणसाने न बघता कोणाचंही नाव घ्यायचं. म्हणजे कोणावर अन्याय नाही, म्हणे.

"ह्या म्हाताऱ्यांकाच बसवा," तांडेल म्हणाला. "ह्येंका पाठ फिरवूची गरज नाय."

सगळे हसले. चाचाही हसले. मी त्यांच्या शेजारीच होतो, होडी हलत होती, म्हणून मी त्यांचं डावं मनगट धरलं होतं. त्यात कोणाला काही वावगं दिसलं नाही.

"ह्यो वाटो कोणाचो?"

"सोनाराचा."

"ह्यो?"

"मास्तरचा."

मग तांडेलाचा हात तांबोशीवर आला. "ह्यो कोणाचो?"

मी अंगठा दाबला.

चाचा थांबले. त्यांना कळलं होतं. इतकी वर्षं तो अंगठा त्यांना कळत होता, आणि एकदाही त्यांनी तो डावलला नव्हता. मी आणखी जोरात दाबला.

ते म्हणाले, "सकाळपास्नं ज्याच्या पोटात ठरंना, त्याचा."

शिंप्याने मान वर केली. आपलाच वाटा आहे, हे कळायलाही त्याला वेळ लागला.

मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "डोळं गेलं ते गेलं, अक्कल बी गेली व्हय रं, आंधळ्या?" चाचांना मी त्याआधी कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांचं नाव कोणी बाजारात काढलं तर मी त्याच्या अंगावर जात असे.

चाचांनी माझ्या हातातून मनगट सोडवून घेतलं आणि तांडेलाला म्हणाले, "फुडचा वाटा."

शिंपी घाबरला होता. त्याने तांबोशी उचलून माझ्यापुढे केली. "घेवा हो पावण्यानू, माका वासच सोसवना नाय."

मी घेतली.

मला ती खायची होती म्हणून नाही. तिचं डोकं चाचांच्या ताटात घालायचं, असं मी ती वर आली तेव्हाच ठरवलं होतं. उतरलो होतो त्या घरच्या बाईकडून मी तिचं कालवण करून घेतलं, नारळ घालून. चाचांपुढे ताट ठेवलं. त्यांनी हाताने चाचपून वाटी बाजूला सारली आणि आपल्या वाट्याचे भाजलेले बांगडे भाकरीशी खाल्ले. मी म्हटलं, "चाचा, रागाच्या भरात गेलं तोंडातनं." ते म्हणाले, "व्हय, गेलं." तेवढंच.

परतीचे सहा दिवस ते गाडीत बोलले ते फक्त बैलांशी. मुरगुडात त्यांना घराशी उतरवलं तेव्हा मी जागेचं विचारलं नाही, पण त्यांनीच काढलं. "तू चांगला हेडी हायस. माझ्या जागंबिगर तुझं काय अडणार न्हाय." पुढच्या बाजाराला चिंचेखाली जावई बसला होता आणि चाचा त्याच्या शेजारी.

त्यांचं खरं ठरलं, माझं अडलं नाही. दहा पावलांवर मी माझं वेगळं बस्तान मांडलं आणि चार महिन्यांत जावयाची निम्मी गिऱ्हाइकं ओढली. त्याच्या कानावर जावं म्हणून मी घसा फोडून बैलांची तारीफ करी, समोरच्याच्या बैलाची खोड सांगी. एका बाजारी ओरडता ओरडता मध्येच थांबलो, तर चाचांचा आवाज ऐकू आला. ते जावयाला सांगत होते, "ऐक की जरा. आधी खोड सांगितली, मग दात, मग पाय. असं बोलायचं."

माझ्या अंगाची आग झाली. बारा वर्षं राबून जे मिळवलं ते मी त्या जावयाला फुकट शिकवत होतो. त्या दिवसापासून मी तोंडाने बोलणं बंद केलं. बैलाच्या दातांवर बोट ठेवून दाखवायचं, मानेने हो-नाही करायचं, बाकी सगळं उपरण्याखाली. माणसं हसत, पण सौदे होत.

असे चार-पाच बाजार गेले. उन्हाळा लागला होता आणि चाचा फार खंगले होते. जावई त्यांना पाठीशी पोतं देऊन बसवी. मी एका चंदगडच्या गिऱ्हाइकाचा हात धरून होतो, आकडा जवळजवळ जुळला होता. तेव्हा चाचांनी जावयाला विचारलं, "तो बावड्याचा येत न्हाय का रं अलीकडं? आजारी-बिजारी हाय का?"

जावयाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. मी नुसतं "चाचा" म्हटलं असतं तरी पुरे होतं. चंदगडच्या माणसाने माझं बोट दाबलं, मी त्याचं दाबलं आणि सौदा पक्का केला. जावई म्हणाला, "न्हाय दिसला."

पुढच्या बाजाराला चिंचेखाली जावई एकटाच होता.