शेजारणीचा क्वेकर

आइंडहोवनला आमच्या शेजारच्या घरात ऐंशी ओलांडलेली एक डच बाई एकटी राहायची. कोरोनाआधी आमचा संबंध एवढाच, की तिच्या कुंपणाला टेकवलेली माझी सायकल ती दर वेळी उचलून बाजूला ठेवायची आणि मी दर वेळी मनातल्या मनात तिचा उद्धार करायचे. पहिल्या लाटेत ग्रोनिंगनला तिचा धाकटा भाऊ वारला. तिला शेवटचं बघायलाही जाता आलं नाही. लग्न केलेलं नाही, मूलबाळ नाही. हे तिनं मला कुंपणापलीकडून, बटाटे सोलता सोलता, आज वारा फार आहे असं सांगावं तसं सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून मी तिला डब्यातून वरणभात द्यायला लागले. तो तिला आवडायचा नाही, हे तिनं लगेच सांगितलं. डबा मात्र रिकामा परत यायचा.

त्याच वर्षी हिवाळ्यात तिला पेनसिल्व्हेनियातल्या एका म्हाताऱ्याची ईमेल आली. वंशावळी जुळवणाऱ्या एका वेबसाइटवर त्यानं तिचं नाव आणि तिच्या घराण्याचं गाव पाहिलं होतं. त्याचा मूळ पुरुष तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी क्वेकर या ख्रिस्ती पंथात जाऊन वाखनिंगनजवळच्या एका खेड्यातून अमेरिकेत गेलेला. हिचं घराणंही त्याच खेड्यातलं. हिच्याकडे घराण्याचं जुनं बायबल होतं आणि त्याच्या कोऱ्या पानांवर पिढ्यान्‌पिढ्यांचे जन्ममृत्यू लिहिलेले होते. त्यात एका मुलाचा नुसताच जन्म होता. पुढे लग्न नाही, मृत्यू नाही. त्याच्या थोरल्या भावाच्या वंशातली ती.

"अमेरिकेत गेलेला तो हाच मुलगा असेल, तर त्या माणसाचं आणि माझं रक्त एक," ती म्हणाली. "नसेल, तर आमच्यातली मीच शेवटची."

ती हे अगदी शांतपणे म्हणाली. मला पुण्यात मोजून अठ्ठावीस चुलत-मावस भावंडं आहेत आणि त्यातल्या निम्म्यांचे मी फोनसुद्धा उचलत नाही.

तिच्याकडे प्रिंटर नव्हता, म्हणून म्हाताऱ्यानं पाठवलेलं सगळं आमच्याकडे छापायचं ठरलं. माझी नोकरी नुकतीच गेली होती, वेळच वेळ होता. नवरा वरच्या खोलीतून ओरडायचा, "अगं, माझी मीटिंग चालू आहे, तो प्रिंटर बंद कर!" मी करायचे नाही.

गाव जुळलं, वर्ष जुळलं, बापाचं नावही जुळलं. पण त्यात काही राम नव्हता. तेव्हा त्या खेड्यात आडनावं नव्हती. आपल्यासारखं मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लावायचे, आणि नावंही तीच पाच-सहा. एकाच नावाचे, एकाच बापनावाचे तिघेतिघे सापडायचे. उरली जन्मतारीख. म्हाताऱ्याच्या तक्त्यात होती अठ्ठावीस जानेवारी. बायबलात होती अठ्ठावीस मार्च.

"तो नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, लिहिताना चूक झाली असेल. त्यावर ती चिडली. "माझ्या घरच्यांनी मुलांच्या जन्मतारखा चुकवल्या नाहीत." म्हाताऱ्याला आभाराचं शेवटचं पत्र तिनं लिहून ठेवलं. उगीच परक्या माणसाला किती दिवस त्रास द्यायचा, म्हणाली.

पाडवा आला. तेव्हा दिवसाला एकच पाहुणा घरी बोलावता यायचा. मी श्रीखंडाची वाटी घेऊन तिच्या बागेत गेले. आमच्या गॅलरीतल्या गुढीकडे बोट दाखवून तिनं विचारलं, "काठीवर भांडं का वाळत घातलंय?"

"आज आमचं नवं वर्ष. आमचा पहिला महिना आजपासून."

"एप्रिलमध्ये? आणि मागच्या वर्षी तर मार्चमध्ये काठी लावली होतीस!"

"चंद्रावर असतं ते. कधी मार्च, कधी एप्रिल. पहिला महिना जानेवारीच असतो असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

हे मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं आणि एकदम मला ते छापलेले कागद आठवले. तक्ता म्हाताऱ्यानं स्वतः टाइप केलेला होता. पण सोबत क्वेकरांच्या मूळ वहीच्या पानाचा फोटोही होता. तो छापताना मी वाचला होता आणि त्यात जानेवारी हा शब्दच नव्हता. 'पहिला महिना, दिवस अठ्ठाविसावा' असं होतं. महिन्यांना जुन्या देवांची नावं आहेत, म्हणून हे लोक ती घेत नसत, नुसते आकडे मोजत.

घरी येऊन लेकीला विचारलं, "पहिला महिना कोणता गं?" ती म्हणाली, "जॅन्युअरी, ऑब्व्हियसली!" म्हाताऱ्यानंही तेच केलं असणार. मग मी पेनसिल्व्हेनियात क्वेकरांची जुनी दप्तरं जिथे ठेवतात तिथे लिहिलं. नोकरीचे अर्ज करतानासुद्धा मी इतकी वाट पाहिली नव्हती. सहाव्या दिवशी उत्तर आलं. त्या काळी इंग्रजांचं वर्ष मार्चमध्ये सुरू व्हायचं, म्हणून त्या वहीतला पहिला महिना म्हणजे मार्च. इथे सगळेच एकदा फसतात, असंही तिथल्या बाईंनी लिहिलं होतं.

मी चपलांवरच शेजारी पळाले. तिनं उत्तर दोनदा वाचलं, बायबल उघडलं, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. मग म्हणाली, "बघ. आमच्या घरच्यांनी तारीख चुकवली नव्हती." आणि रडायला लागली. दीड मीटर अंतर ठेवायचा नियम होता. मी तो मोडला.

शेवटचं पत्र तिनं पाठवलं नाही. त्याऐवजी काय लिहिलं, ते मला दाखवलं नाही.

पुढच्या रविवारी दुपारी नेहमीप्रमाणे डबा घेऊन गेले. बेल वाजवली, तर दार उघडेना. जीव खालीवर झाला. खिडकीतून डोकावले, तर ही टेबलाशी बसलेली, केस नीट विंचरलेले, समोर लॅपटॉप, आणि पडद्यावर एक टकला म्हातारा हातवारे करून काहीतरी सांगतोय. ती हसत होती. मी काचेवर टकटक केली. तिनं मान वळवली, खिडकी चार बोटं उघडली आणि चक्क वैतागून म्हणाली, "नंतर ये. मी माझ्या घरच्यांशी बोलतेय."