सात वाजताचा मिस कॉल

पवनीच्या बस स्टँडवर नागपूरची एसटी लागली तेव्हा माझी बॅग बाबांच्या डोक्यावर होती. बॅगेला चाकं होती. चाकं असलेली वस्तू डोक्यावर घ्यायची नसते, हे मी आमच्या आसगावपासून तीनदा सांगून पाहिलं. "घासतीन ना वं बाई, मंग पुन्यात काय करशीन?" एवढं म्हणून त्यांनी ती उचललीच होती.

मी खिडकीशी बसले. खाली उभी राहून माय नियम सांगत होती. घरात नुकताच एक मोबाइल आला होता आणि त्याचा सगळा कारभार तिच्याकडे होता.

"रोज सात वाजता मी मिस कॉल देईन. एकच रिंग. म्हंजे सगळं बरं हाये. दोनदा वाजला तं तू लावजो. पन उचलजो नोको. पैसे कटते."

"आन् मले बोलाचं असन तं?" बाबांनी विचारलं.

"घरात तं बोलत नाई. फोनवर काय बोलान?"

बाबा हसले. गाडी सुटली. स्टँडवर दोघं लहान होत जाताना मी रडले असेन, असं तुम्हाला वाटेल. मी नियम पाठ करत होते.

पुण्यात मला इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली. शाळेच्या नावात 'इंटरनॅशनल' होतं. परदेशाशी तिचा एवढाच संबंध माझ्या नजरेला आला. मुलं मला 'मिस' म्हणू लागली. पहिल्या आठवड्यात सात वाजता फोन वाजला आणि मी चुकून उचलला. "काहून उचलला वं?" एवढं ऐकू आलं आणि फोन कटला. लगेच तो दोनदा वाजला. म्हणजे मी लावायचा. लावला, तर का उचलायचा नाही यावर माय दहा मिनिटं बोलली. माझ्या पैशांनी.

एकदा वर्गात मी फळ्यावर 'मिस' हा शब्द लिहिला आणि मुलांना अर्थ विचारले. बस चुकणे. नेम चुकणे. वर्गात गैरहजर असणे. लग्न न झालेली बाई. "तुम्ही, मिस," असं एकजण म्हणाला आणि वर्ग हसला. शेवटी एका मुलीने सांगितलं, कुणाची तरी आठवण येणे. इंग्रजांनी एवढं सामान एकाच पिशवीत का कोंबलं असेल, याचं मला नवल वाटलं. आपल्याकडे आठवण येते. ती आपली आपण येते, बसते, जाते. आपण काही करत नाही. इंग्रजीत मात्र ते करावं लागतं. सुट्टीत घरी गेल्यावर, पुण्याच्या पोरी एकमेकींना 'मिस करते' म्हणतात, हे मी मायला सांगितलं. "म्हंजे नेमकं काय करून राह्यते?" तिने विचारलं.

चौथ्या वर्षीचा डिसेंबर. शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मंचावर धुराचं यंत्र लावलं होतं, त्यामुळे शिवाजी महाराज झालेला मुलगा खोकत होता. मी पडद्यामागे उभी. प्रमुख पाहुणे मातृभाषेचं महत्त्व इंग्रजीतून समजावत होते. सात वाजता हातातला फोन थरथरला. एक रिंग झाली. मग दुसरी, तिसरी. वाजतच राहिला. मायचं बोट लाल बटणावर नीट बसलं नसणार, असं वाटून मला हसू आलं. उचलायचा नाही, हा नियम. आपोआप थांबला. मिनिटभराने पुन्हा तसाच, शेवटपर्यंत वाजला.

दोनदा. म्हणजे मी लावायचा. पाहुण्यांचं भाषण संपलं की लावू, असं मी ठरवलं. ते चाळीस मिनिटं चाललं.

मी लावला तेव्हा शेजारच्या मावशींनी उचलला.

धानाचा चुरणा चालू होता. मळणीच्या गडबडीत मायला खळ्यावरून यायला उशीर झाला. ती आली तेव्हा बाबा बाजेवर आडवे होते आणि फोन त्यांच्या मुठीत होता. ज्यांनी जन्मात कधी फोन लावला नव्हता, त्यांनी तो लावला होता. अवघड नव्हतं. हिरवं बटण दोनदा दाबलं की शेवटचा नंबर लागायचा, आणि मायच्या फोनवर शेवटचा नंबर कायम माझाच असायचा. डॉक्टर म्हणाले, छातीत कळ आली असेल, जीव जायला फार वेळ लागला नसेल.

मायने तेरवीच्या आधीच निकाल दिला. "सात वाजले, मी आली नव्हती. तं त्याईनं मिस कॉल देल्ला. काटता नाई आला, बस."

"दोनदा?"

"पयला लागला का नाई, समजलं नसन."

तिने मला दिलेली ही सूट मी इतकी वर्षं वापरली. फाटेल म्हणून जपून वापरली. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गाव सोडून आले, त्यांच्याकडेही अशी एखादी सूट असेल. एसटीच्या खिडकीतून ऐकलेला प्रश्न मात्र तिच्यात बसत नाही. आन् मले बोलाचं असन तं?

फोन फुकट झाले तरी सातची एक रिंग सुटली नाही. मायला मी मोठा फोन नेऊन दिला. ती त्यावरूनही मिस कॉलच देते. पुण्याला चल म्हटलं तर विचारते, "तुह्यापाशी आली तं मंग सात वाजता फोन कोनाले लावू?"

यंदाच्या दिवाळीत मी घरी होते. आम्ही दोघी अंगणात बसलो होतो, माझा फोन आतल्या खोलीत, बाबांच्या बाजेवर पडला होता. सात वाजले. मायने सवयीने फोन घेतला आणि नंबर लावला. मी समोर बसले होते. आत एक रिंग वाजली. मायचं बोट लाल खुणेवर जाऊन थांबलं. तिने काटला नाही.

आत फोन वाजत राहिला. मी उठायला लागले तर तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "राहू दे. कोनी काटलाच नाई तं किती येळ वाजते, मले पाह्याचं हाये."

आम्ही ऐकत बसलो. तो संपता संपेना. शेवटी आपोआप थांबला.

"लय येळ वाजते वं," माय म्हणाली. मग फोन खाली ठेवत म्हणाली, "आतापासून उचलत जाय."

आता सात वाजता पहिल्याच रिंगला मी उचलते. सवय नसल्याने दोघींनाही बोलायला सुचत नाही. "बोल." "तूच बोल." पलीकडे कुणाची गाय हंबरते, कुकरची शिटी होते, बाज करकरते. ती काटत नाही, मीही काटत नाही. माझं घर आता एवढंच, फोनला कान लावून ऐकू येतं तेवढं. बाज करकरली की मी अजूनही थांबते, कुणाला बोलायचं असेल तर.